वारूळ, विहीणबाई आणि अर्धा साहेब

माझ्या सासरी गर्व करण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून ते लोक एका फोटोचा गर्व करत. ओसरीच्या मातीच्या भिंतीवर, सागाच्या चौकटीत तो टांगलेला असे. मधोमध खुर्चीत एक गोरा साहेब, त्याच्या बुटांपाशी मेलेला वाघ, आणि बाजूला पगडी घालून, पोट आत ओढून उभे असलेले माझे आजेसासरे. वाघ साहेबाने मारला होता. आजेसासऱ्यांनी काय केलं होतं, तर वाघ यावा म्हणून स्वतःच्या गोठ्यातलं रेडकू झाडाला बांधलं होतं. रेडकू फोटोत नव्हतं. एवढ्या भांडवलावर आमच्या घराण्याने तीन पिढ्या मान ताठ ठेवली.

मी वर्ध्याकडची, कापसाच्या उघड्या रानातली. लग्न होऊन कुरखेड्याच्या बाजूच्या या गावात आले तेव्हा मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा पिढीजात हक्क, नुकतीच गेली होती आणि घरातले पुरुष जेवायला मात्र अजून मालगुजारासारखे बसत. घर मोठं होतं. घर आमचं आहे असा समजही मोठा होता. पण आल्यापासून मी पाहत होते ते असं की आढ्यात वटवाघळं राहत, कौलांखाली चिमण्या, देवळीत पाल, कुलपाच्या भोकात मातीचं घर करणारी कुंभारीण माशी, खाटेत ढेकूण, तांदळाच्या ढोलीत सोंडे, न्हाणीच्या मोरीत एक जाडा बेडूक, आणि माळ्यावर कधी न दिसणारं पण रोज धावणारं काहीतरी, ज्याला सगळे आदराने ‘ते’ म्हणत. ही सगळी मंडळी आमच्या आधीपासून तिथे होती आणि आम्हाला फारशी किंमत देत नव्हती. मालगुजारी गेल्याचं दुःख त्यांच्यापैकी एकालाही झालेलं मी पाहिलं नाही.

घराचे कर्ते म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. सारा गाव त्यांना भाऊ म्हणे. सासरे वारलेले. भाऊंना पगडी नव्हती, वाघ नव्हता, साहेबही राहिला नव्हता. राहिला होता तो घसा साफ करण्याचा आवाज. तो आला की मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं, अशी रीत. सुनेने भासऱ्यांशी बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर कोणत्या तरी तिसऱ्याशी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. तिसरं कुणी नसेल तर खांब, मांजर, जातं, काहीही चाले. माझं लग्नानंतरचं निम्मं शहाणपण असं त्या घरातल्या खांबांना मिळालं. खांबांनी त्याचं जे केलं तेच पुढे माझ्या मुलांनी केलं, म्हणून तक्रार नाही.

आणि सासूबाई. त्यांना घरात सगळे बाई म्हणत. बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता: सरकारवर नाही, पावसावर नाही, पोटच्या मुलांवर तर मुळीच नाही. जगात त्यांना एकच गोष्ट भरवशाची वाटे. परसात, गोठ्यामागे, मोहाच्या जुन्या खोडाला टेकून उभं असलेलं कमरेएवढं वारूळ.

श्रावणात थोडी उघडीप पडून पुन्हा गडगडाट झाला की त्या वारुळाच्या पायथ्याशी सात्या निघत. झाडीपट्टीत ज्याला सात्या म्हणतात त्याला आमच्याकडे कुत्र्याची छत्री म्हणत आणि लांबून काठीने मोडत. टोकदार मातकट टोपी, पांढरा लांब देठ. पहिल्या श्रावणात माझ्या ताटात त्यांची भाजी पडली तेव्हा मी ती बकऱ्याची कलेजी समजून खाल्ली, पुन्हा मागितली, आणि नंतर कळल्यावर परसात जाऊन ओकारी काढायचा प्रामाणिक प्रयत्न केला. काही येईना. पोट माझ्यापेक्षा समंजस निघालं.

"काऊन व," बाई दारातून म्हणाल्या, "तुमच्या वर्ध्याले असं काही निंगत नाई वाटते? बरोबर आहे. तिथली माती कापसाले विकली गेली."

सात्या काढायची बाईंची पद्धत ठरलेली. अंघोळ करून, अनवाणी जायचं, लोखंड लावायचं नाही, हाताने मूळ सोडवून अलगद उपटायची, आणि पहिली निघालेली तिथेच ठेवायची. कुणासाठी, विचारलं तर म्हणत, "ज्याचं आहे त्याच्यासाठी." रानातल्या वारुळांनाही गावात धनी असत. ज्याने आधी पाहिलं त्याने वर पळसाचं पान ठेवून दगड ठेवायचा. त्यावर मग दुसरा हात लावत नसे. पैशाची वस्तू उचलतील, पण सात्या नाही.

या सात्यांवर आमची नणंद अवलंबून होती, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

नणंद आरमोरीच्या वाटेवरच्या एका गावात दिलेली. बैलगाडीने सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचावं एवढं अंतर. पण लग्नाच्या पंगतीत तिच्या सासूच्या, म्हणजे विहीणबाईंच्या पानात पडलेला भात कोमट होता. गरम नव्हता. त्या एका वाढणीपायी विहीणबाईंनी आमच्या पोरीचं माहेर बंद केलं. अक्षय तृतीयेला नाही, दिवाळीला नाही. भाऊ दोनदा न्यायला गेले आणि दोन्हीदा त्यांना गरम भात वाढून परत पाठवण्यात आलं. फक्त श्रावणात बाई पळसाच्या पानांत सात्या भरून टोपलं पाठवत, आणि टोपलं रिकामं येताना गाडीत नणंद बसून येई, पोळा होईपर्यंत. विहीणबाईंच्या गावाकडे तळी भरपूर, शिंगाडे भरपूर, सात्या मात्र नाहीत. स्वाभिमान जिभेपर्यंत होता, पुढे नव्हता. मोठमोठ्या लोकांचा मी याहून आखूड पाहिला आहे.

त्या वर्षी नणंदेला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, पण विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरी सुईन नाई का?" सुईण होती. तिच्याच हातून थोरल्या जावेचं मूल गेलं होतं आणि जाऊही जाता जाता राहिली होती. नणंदेने बाजाराला आलेल्या एका बाईकडून निरोप धाडला: "मले घेऊन जा. मले इथी भेव लागते." बाईंनी उलट निरोप विहीणबाईंना धाडला. त्यांचं उत्तर आलं: "टोपलं येऊ द्या, मंग पाहू."

म्हणजे सगळं पुन्हा त्या वारुळावर आलं. बाई रोज सकाळी जाऊन त्याच्याकडे पाहून येत. वैद्य रोग्याची नाडी पाहतो तसं नाही. सावकार कुळाकडे पाहतो तसं.

नेमकं त्याच उन्हाळ्यात वाळवीने साहेबाला गाठलं.

भिंतीतून एक मातीची बारीक नळी चढत चढत चौकटीमागे गेली होती. कुणाच्या लक्षात आली नाही, कारण फोटोकडे रोज पाहण्याचं ढोंग सगळे करत आणि पाहत कुणी नसे. एके दिवशी भाऊंनी पाहुण्याला दाखवायला फोटो खाली काढला. आधी वाघ गेलेला होता, समूळ. मग साहेबाचे बूट. साहेब गुडघ्यापर्यंत नव्हता आणि आजेसासरे धोतराच्या सोग्यापासून खाली नव्हते. वर मात्र दोघेही अजून तशाच रुबाबात, खालचा कारभार आटोपल्याचा पत्ता नसल्यासारखे.

"आपल्या घरान्याले वाळवी लागली!" भाऊ ओसरीत उभे राहून ओरडले.

"आजच कळलं काय गा, मोठ्या?" बाई आतून म्हणाल्या.

भाऊंनी जाहीर केलं की सगळ्या अनर्थाचं मूळ परसातलं वारूळ आहे आणि ते खणून काढलं पाहिजे. बाई म्हणाल्या, माझ्या वारुळातली वाळवी रानातलं खाते, घरातलं खात नाही. हे त्यांचं म्हणणं शुद्ध थाप होतं. परसातल्या वाळवीने त्यांचं स्वतःचं पोळपाट-लाटणं खाल्लेलं मी पाहिलं होतं. पण भाऊंचंही खरं नव्हतं. खरं काय ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वारुळाखाली आजेसासऱ्यांनी धन पुरलं आहे आणि त्यावर नाग बसला आहे, असं भाऊंना लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. मालगुजारी गेल्यापासून ते त्यांना जास्त जास्त आठवू लागलं होतं. ज्या माणसाने साहेबाच्या वाघासाठी स्वतःचं रेडकू दिलं त्याच्याकडे पुरायला धन कुठून असणार, हा विचार त्यांना शिवला नाही. आमच्या घराण्यात विचार शिवण्याची रीतच नव्हती.

आषाढात बाई त्यांच्या भावाच्या गावी तेरवीला गेल्या. गाडी वळणाआड होते न होते तोच भाऊ दोन गडी, कुदळी, फावडी आणि तांब्याचा मोठा हंडा घेऊन परसात हजर.

मी गोठ्यात होते. पदर ओढला, आणि शेजारी बांधलेल्या वासराला म्हणाले, "बाई आल्यावर विचारलं असतं तं बरं झालं असतं, नाई का रे?"

भाऊ गोठ्याच्या खांबाला म्हणाले, "वासरांनं घरात सल्ला देऊ नये."

"श्रावनात टोपलं पाठवायचं आहे म्हणावं," मी वासराला सांगितलं. "पोरीचा जीव आहे त्याच्यात."

"टोपलं बाजारात भेटते," खांबाला उत्तर मिळालं.

वासराने माझा पदर चघळायला घेतला. तेवढाच काय तो पाठिंबा.

गड्यांपैकी एक म्हातारा खट होता. तो म्हणाला, "भाऊ, वाळवी धरायले एवढा हंडा लागते काय? मी तं तांब्याच आनला असता."

"खन तू!" भाऊ म्हणाले.

आत काय होतं ते मी पदराच्या फटीतून पाहिलं, आणि आजवर इतकं काही एका जागी पाहिलेलं नाही. वरची माती विटेसारखी. तिच्या आत बोटभर रुंदीच्या वाटा, दालनं, पुन्हा वाटा. दालनादालनांतून राखाडी रंगाचे, अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले गोळे ठेवलेले, आणि त्यांवर मोहरीएवढे पांढरे ठिपके. एक बेडूक निघाला, झोपमोड झाल्यासारखा रागीट. एक सापसुरळी निघाली, अंगावर तेल चोळल्यासारखी. गांडुळाएवढा आंधळा साप, गोम, रातकिडे, चपटे काळे किडे ज्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि एक जुनी सापाची कात. वाळवी तर पाण्यासारखी वाहत होती. एवढ्याशा मातीत अख्खं गाव नांदत होतं, आणि आम्ही इतकी वर्षं त्याला ‘वारूळ’ असं एका शब्दात गुंडाळत होतो. कोंबड्या मात्र विचारात न पडता धावून आल्या. त्या दिवशी आमच्या परसात ज्याला काही लाभलं ते कोंबड्यांनाच.

मग कुदळीखाली पांढरी, लांबट, चामड्यासारखी अंडी लागली.

"नागाची होत!" भाऊ किंचाळले आणि मोहाच्या खोडामागे गेले. हंडा तिथेच राहिला.

"घोरपडीची होत, भाऊ," म्हातारा म्हणाला. "बिचारी ठेवून गेली, इथी कोनी येनार नाई म्हून."

पण भाऊंची हौस फिटली होती. गुडघाभर खड्डा झाला होता, तेवढ्यावर त्यांनी वाळवीचा नायनाट झाल्याचं जाहीर केलं. अंडी म्हाताऱ्याने पालापाचोळ्यात झाकून कुंपणापलीकडे नेली. त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजलं ते मी विचारलं नाही. वारुळाची माती चिकट आणि भारी. भाऊ त्याच वेळी गोठ्याला लागून स्वतःसाठी बैठकीची खोली बांधत होते, जिथे बसून ते लोकांचे तंटे ऐकणार होते. लोक अर्थातच तंटे घेऊन यायचे थांबले होते. ती सगळी माती त्या खोलीच्या जमिनीत भरली, चोपली आणि सारवली. राखाडी गोळेसुद्धा तिच्यातच गेले.

बाई परत आल्या. परसात गेल्या. खड्डा पाहिला. मी दारात, भाऊ ओसरीत, माझे यजमान नेहमीप्रमाणे गावाबाहेर. त्यांना संकटाचा वास आधी येतो. हा गुण त्यांच्यात मी सोडून कुणी पाहिलेला नाही.

बाई ओसरीत आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "रानातलं अस्वल येते. वारूळ फोडते, नाक लावते, पोटभर वाळवी ओढते अन् चाल्लं जाते. दुसऱ्या वर्षी वारूळ पुन्हा उभं. अस्वलाले कळते किती खावं. तुले मी नऊ महिने कायच्यासाठी वागवलं गा, मोठ्या? अस्वल वागवलं असतं."

"बाई, फोटो—"

"त्या फोटोत तुह्या आज्याचं पोट खाल्लं असतं तं मी वाळवीले ओवाळलं असतं. बहिनीले काय सांगू? तुहा भाऊ धन शोधत होता म्हून तू तिथीच मर, असं सांगू?"

भाऊंनी घसा साफ केला.

श्रावण आला. गडगडाट झाला. खड्ड्यात पाणी साचलं आणि त्यात डास झाले. बाई आणि मी तीन सकाळी रानात हिंडलो. वारुळं होती, सात्याही होत्या, पण प्रत्येकीवर कुणाचं तरी पान आणि पानावर दगड. एका वारुळापाशी बाई थांबल्या. टोप्या नुकत्या उमलत होत्या, भोवती चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "बाई, कोन पाह्यते?" त्यांनी पानावरचा दगड सरळ केला आणि पुढे चालू लागल्या. मी मागून चालले. मनात म्हटलं, पोरगी तिकडे भीतीने अर्धी झाली आहे आणि ही बाई दगड नीट करते आहे. अजूनही मला तो दगड कधी मूर्खपणा वाटतो, कधी नाही.

तोवर भाऊंनी एक कर्तबगारी केली. बहिणीची काळजी त्यांनाही होती, हे मान्य केलं पाहिजे. काळजी नसती तर कमी नुकसान झालं असतं. ते एकटेच गेले, तणसाच्या ढिगाजवळ उगवलेल्या पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचं टोपलं भरलं, वर पळसाची पानं घातली आणि माझ्या यजमानांच्या हाती देऊन गाडी परस्पर रवाना केली. यजमानांनी पानं उचलून पाहिली नाहीत. पाहण्याने जबाबदारी येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाई स्वतः आल्या. त्यांच्या गाडीच्या घुंगरांचा आवाज ओळखून बाई अंगणात आल्या, आणि मी त्यांच्या मागे. विहीणबाई खाली उतरल्या; उंच, हाडकुळ्या, हातात आमचंच टोपलं. ते त्यांनी अंगणात उलटं केलं. छत्र्या काळ्या पडल्या होत्या. आमच्या कोंबड्या धावत आल्या, पाहिलं आणि परत गेल्या.

"पाहा!" विहीणबाई म्हणाल्या. "कोंबडीले कळते. विहीनबाई, सुनेले माराले काहाडलं का मले? एकदम दोघींले पाठवत होते काय?"

बाईंनी छत्र्यांकडे पाहिलं, मग ओसरीकडे. ओसरीतून घसा साफ केल्याचा आवाज आला नाही; त्यावरून त्यांना सगळं कळलं.

गाडीच्या छपराखाली नणंद बसली होती. डोळे सुजलेले, पोट पुढे आलेलं. तिने उतरायला पाय खाली सोडला.

"उतरू नोको!" विहीणबाई गरजल्या. "मी भांडाले आली, ठेवाले नाई. घरी एकटी ठेवली असती तं पायी पळाली असती, म्हून संग आनली. भांडन झालं का वापस."

आणि त्या सरळ भाऊंच्या बैठकीच्या खोलीत शिरल्या. प्रतिष्ठित माणसाला भांडायला प्रतिष्ठित जागा लागते. तिथल्या एकमेव बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर, भाऊंनी ओसरीतून आणून टांगलेला अर्धा साहेब. भाऊ दाराशी, बाई उंबऱ्यात, मी भिंतीकडे तोंड करून. नणंदेला मी तांब्याभर पाणी दिलं होतं, ते ती पीत नव्हती. हातात धरून खोलीच्या दाराकडे पाहत होती.

भांडण कोमट भातापासून सुरू झालं. मग लुगड्यांच्या काठांवर आलं, मग मानावर. बाई एकेका शब्दाने उत्तर देत होत्या. मला ते ऐकताना वाटत होतं, या दोन बाया भाताच्या एका वाढणीवर असा हिशोब करत बसल्या आहेत, आणि ज्या पोटाचा प्रश्न आहे ते बाहेर उन्हात आहे.

"पोरगी आमच्याच घरी बाळंत होईल," विहीणबाई म्हणाल्या. "हे माहं शेवटचं—" आणि पाय आपटला.

पाय आपटल्यावर त्या थांबल्या. खाली पाहिलं. सारवलेली जमीन बाकाखाली फुगली होती, भाकरी फुगावी तशी, आणि फुगवट्यावर चिरा. विहीणबाई वाकल्या. एका चिरेत बोट घातलं. मातीचा एक पापुद्रा निघाला आणि खालून टोकदार, मातकट, ओलसर टोपी वर आली.

विहीणबाईंनी चपला काढून दाराबाहेर ठेवल्या, हात लुगड्याला पुसले आणि गुडघ्यांवर बसल्या. बाकाखाली, कोपऱ्यात, भाऊंच्या तक्क्याच्या कडेने, जिथे माती उकरली तिथे सात्या. भाऊंनी ज्या वाळवीचा नायनाट केला होता ती खाली, जशी होती तशी, आपल्या कामात होती. कदाचित तिची राणी त्या खोलीच्या बरोबर खाली असेल. वर घर बांधलं काय, मालगुजारी गेली काय, तिच्या कानावर काही गेलं नसावं.

"विळा आनू?" भाऊंनी विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात शंका ऐकू आली.

"लोखंड नोको!" दोघी विहिणी एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींकडे पाहून लगेच नजर वळवली.

बाईही चपला काढून आत आल्या. दोन्ही म्हाताऱ्या गुडघ्यांवर, डोक्यांवरचे पदर घसरलेले, भाऊंची प्रतिष्ठित जमीन हातांनी उकरताहेत. पहिली निघालेली बाईंनी तिथेच ठेवली. विहीणबाईंनी विचारलं नाही कुणासाठी. त्यांनीही तिच्याभोवतीची माती दाबली.

"भाजी मी करन," उठताना विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी गरम काही होत नाई."

"करा. पन तिखट जपून. आमच्या घरी मानसं जेवतात."

चूल पेटली. दोघींनी लसणावरून वाद घातला, सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालावा की नाही यावरून घातला. मी भात ठेवला, आणि तो गरम राहावा म्हणून पुन्हा पुन्हा निखारे ओढत होते. वास परसातून अंगणात गेला. तेव्हा गाडीतून नणंदेने सासूला हाक दिली, "आत्याबाई, मले वास सहन नाई होत. मले भूक लागली."

डोहाळ्यांपुढे कुणाचं चालत नाही. विहीणबाई पळी हातात घेऊन दारापर्यंत आल्या, गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "खान्यापुरती उतर."

नणंद उतरली. दोनदा भात घेतला, तीनदा भाजी. जेवता जेवता भिंतीला टेकली आणि ताट पुढ्यात असतानाच झोपून गेली, तोंड किंचित उघडं ठेवून. कित्येक दिवसांनी झोपली असावी. विहीणबाई तिच्याकडे पाहत बसल्या. मग आपलं टोपलं पुढे सरकवलं.

"उरलेल्या याच्यात भरा. तुमचा जवाई वाट पाहून राह्यला असन." पानं लावून झाल्यावर त्या बाईंना म्हणाल्या, "तिले उठवू नोका. तुमच्या पोराच्या भरवशावर नाई ठेवत, विहीनबाई, सांगून ठेवते. ज्या घरात खनून टाकलेलं मरत नाई, त्या घराच्या भरवशावर ठेवते."

"हाव," बाई म्हणाल्या. "मीपन त्याच भरवशावर जगून राह्यली."

गाडी गेली, टोपल्यासकट, पोरीवाचून.

बाळंतपण आमच्या घरी झालं. त्रास झाला, पण आमची सुईण धीराची होती. मुलगी झाली आणि दोघी वाचल्या. विहीणबाईंनी निरोप पाठवला की मुलगी झाली हा आमच्या घरच्या पाण्याचा दोष. म्हणजे सगळं पूर्ववत झालं.

भाऊंनी मात्र त्यानंतर गावभर सांगितलं की आपण वारूळ विचारपूर्वक खोलीत हलवलं. सात्या घरात लावायची ही नवी पद्धत. दोघेतिघे पाहायला आले, तेव्हा त्यांना बसायला बाक आणि ऐकायला भाषण मिळालं. बैठकीच्या खोलीला तेवढे श्रोते पुन्हा कधी लाभले नाहीत. दर श्रावणात भाऊ आपली गादी ओसरीत आणत आणि खोली वाळवीला सोडत. वाळवीने भाडं चोख दिलं.

बऱ्याच वर्षांनी माझा मुलगा नागपूरला कॉलेजात गेला आणि सुटीत येऊन मला सांगू लागला की वाळवीला लाकूड पचत नाही. ती लाकूड, पाला, कागद, जे मिळेल ते चावून खाली नेते, त्याचे गोळे करते, गोळ्यांवर बुरशी लावते आणि ती खाते. आपण भाताची बांधी राखतो तशी राखते. पावसात तीच बुरशी वर येते, तिला आपण सात्या म्हणतो. मी पोळ्या लाटत होते. लाटता लाटता हात थांबला. म्हटलं, म्हणजे वाघ, साहेबाचे बूट, आजेसासऱ्यांचं धोतर?

"हो," तो म्हणाला, "तेही."

म्हणजे ज्या फोटोच्या बळावर आम्ही मान ताठ ठेवली तो आम्ही लसूण-तिखट घालून खाल्ला होता. विहीणबाईंनी साहेब खाल्ला आणि वर म्हणाल्या, तिखट कमी पडलं. माझ्या नणंदेच्या मुलीच्या हाडांत थोडा वाघ असावा. तिचा स्वभाव पाहता पटतं. माझ्यात काय आलं ते कळत नाही. बहुधा रेडकू. पण ते तर फोटोत नव्हतंच.

हे मी बाईंना जाऊन सांगितलं. त्या तेव्हा थकल्या होत्या, अंगणात उन्हाला बसत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग त्या घरान्याचं पहिल्यांदा कोनाच्या तरी पोटात काही गेलं म्हनायचं."

फोटो अजून भिंतीवर आहे. साहेब पूर्ण संपला, खुर्चीही. कोपऱ्यात पगडी तेवढी राहिली आहे, तिच्याखाली कुणी नाही. भाऊ अजून पाहुण्यांना ती दाखवतात, आणि भिंतीवरून चढणारी मातीची नळी त्यांनी या वर्षी मोडलेली नाही.